अक्षतांचा क्षण आणि हातातला पडदा

मामीच्या कपाटात तिच्या मुलीच्या लग्नाची डीव्हीडी होती. घरातला डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला, नव्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागा नाही, आणि मामीला काही पाहायचे तर ते फोनवरच. तिने तबकडी एका दुकानात दिली आणि फोनवर चालेल अशी फाइल करून आणली. फाइल चालली, पण मंडपातली माणसे आडवी पसरलेली दिसत होती, वरातीत नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटले होते, आणि मंगलाष्टके संपून अक्षता पडल्या त्या क्षणी सगळा पडदा चौकोनी ठोकळ्यांनी भरून गेला. नवरानवरी त्या ठोकळ्यांमागे दिसेनाशी झाली.

"तबकडीच खराब झाली असणार," मामी म्हणाली. मी ती एका जुन्या संगणकावर लावून पाहिली. तबकडी ठणठणीत होती. बिघाड रूपांतरात झाला होता, आणि त्यातला एकूण एक टाळता आला असता.

लग्नाच्या, मुंजीच्या, गावच्या जत्रेच्या, हौशी नाटकाच्या अशा तबकड्या आणि कॅसेटी घरोघरी पडून आहेत. त्या फोनवर आणायची धडपड पुष्कळजण करतात आणि हाती आलेली फाइल पाहून हिरमुसतात. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा मुळापासून मांडावासा वाटला. माझे म्हणणे थोडक्यात असे: फाइलला नेमके काय झाले आहे ते आधी ओळखावे, तेवढेच बदलावे, आणि मूळ वस्तू जिवापाड जपावी.

डबा आणि आतला ऐवज

फाइलच्या नावामागे लागलेले एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे शेपूट पाहून आपण ती चालेल की नाही याचा अंदाज बांधतो. पण ते नाव डब्याचे असते. त्या डब्यात चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचा एक किंवा अनेक, कधी उपशीर्षकांचाही. बिस्किटांच्या डब्यात मोहरी निघणे आपल्या स्वयंपाकघरात नवे नाही, इथेही तसेच. एमपी४ नावाच्या दोन फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, कारण आतला ऐवज वेगळा असतो. तो ऐवज दाबून भरण्याची आणि पुन्हा उलगडण्याची जी पद्धत, तिला कोडेक म्हणतात.

डबे अनेक झाले. मायक्रोसॉफ्टने एव्हीआय १९९२ मध्ये आणला. ॲपलच्या क्विकटाइमच्या रचनेवरून एमपी४ घडला. एमकेव्ही, म्हणजे मात्रोश्का, २००२ मध्ये सुरू झाला. त्यात जवळजवळ काहीही भरता येते. कोडेकांचीही अशीच पिढ्यांची परंपरा आहे. लग्नाच्या व्हीसीडीत एमपेग-१ असे, ३५२ × २८८ ठिपक्यांचे चित्र. ती तबकडी उघडली की 'एमपेगएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' शेपटाची फाइल सापडते. डीव्हीडीत एमपेग-२ आला आणि चित्र ७२० × ५७६ झाले. साध्या फोनांच्या काळात मोबाइलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या असत. तिथे मेमरी कार्डात भरून मिळणारे थ्रीजीपी चित्रपट बहुधा १७६ × १४४ ठिपक्यांचे असत. नटाचे डोळे दिसायचे नाहीत, तरी लोक एसटीत बसून ते अख्खे पाहत. २००३ मध्ये एच.२६४ प्रमाणित झाला, २०१३ मध्ये एच.२६५, आणि २०१८ मध्ये एव्ही१. आजच्या फोनचा कारभार मुख्यतः या शेवटच्या तिघांवर चालतो.

चित्र दाबतात कसे

कोडेकची गरज किती मोठी आहे ते एका हिशेबावरून कळते. १९२० × १०८० ठिपक्यांचे चित्र, सेकंदाला २५ चौकटी, असे न दाबता साठवले तर रंगाची नेहमीची काटकसर करूनही एका मिनिटाला सुमारे ४.६७ जीबी लागतात. एक अख्खी डीव्हीडी एका मिनिटात भरून जाईल.

ही जागा वाचवण्यामागे दोन युक्त्या आहेत. पहिली एका चौकटीच्या आतली. चित्राचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार किती आणि बारीक किती हे गणिताने वेगळे करायचे, आणि डोळ्याला सहज जाणवत नाहीत असे बारीक चढउतार कमी नेमकेपणाने साठवायचे. या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ते बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना सुचले. १९७२ मध्ये त्यांनी त्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अर्थसाहाय्य मागितले. ते मिळाले नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जेपेग छायाचित्रापासून एच.२६५ पर्यंत सगळीकडे त्या गणिताचे एखादे रूप काम करते. फोनवर रोज व्हिडिओ पाहणाऱ्या आपल्या देशात हे नाव घराघरात माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

दुसरी युक्ती दोन चौकटींमधली. कीर्तनकार उभे राहून बोलतात, मागचा पडदा हलत नाही. मग तो प्रत्येक चौकटीत पुन्हा कशाला साठवायचा? कोडेक मागच्या-पुढच्या चौकटींशी तुलना करून फक्त बदल टिपून ठेवतो. म्हणून तासाभराचे कीर्तन लहानशा फाइलीत मावते. अक्षता पडताना मात्र ही युक्ती थकते. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. मागच्या चौकटीवरून पुढचीचा अंदाज बांधताच येत नाही. अशा वेळी जास्त माहिती साठवावी लागते, आणि दुकानदाराने दर सेकंदाला अमुकच बिट असा आखडता हात ठेवलेला असेल तर चित्राचे ठोकळे होतात. गुलालाची उधळण, पावसातली दिंडी, धबधबा, फटाके यांचेही हेच. रूपांतर चांगले झाले की नाही ते पाहायचे असेल तर फाइल सुरुवातीपासून पाहत बसू नये. थेट अक्षतांवर जावे.

दुखणे ओळखावे

फाइल चालत नाही म्हणजे नेमके काय, याची तीन उत्तरे असतात.

पहिले, डबा चुकीचा आहे. आयफोनचा स्वतःचा प्लेअर एमकेव्ही उघडत नाही. पण आत एच.२६४ आणि एएसी आवाज असेल तर ऐवज अगदी योग्य असतो. अशा वेळी डबा बदलणे एवढेच काम उरते. चित्राला हात न लावता प्रवाह उचलून एमपी४मध्ये ठेवायचे. दोन तासांच्या चित्रपटालाही थोडाच वेळ लागतो आणि गुणवत्तेत तसूभरही फरक पडत नाही. एफएफएमपेग नावाचा, आज्ञा टंकून चालवायचा प्रोग्रॅम हे काम करतो. तशी सवय नसेल तर अव्हिडेमक्स या प्रोग्रॅममध्ये चित्र आणि आवाज दोन्हींना 'कॉपी' निवडून हेच साधते. पुष्कळजण या साध्या दुखण्यासाठी अख्खे चित्र नव्याने दाबतात. तासन्‌तास घालवतात आणि वर चित्रही थोडे बिघडवून घेतात.

दुसरे, चित्र दिसते पण आवाज नाही. आवाज डॉल्बीच्या एसी-३ किंवा डीटीएस पद्धतीचा असतो आणि अनेक अँड्रॉइड फोनांच्या स्वतःच्या प्लेअरला तो उलगडता येत नाही. इथे चित्र तसेच ठेवून फक्त आवाज एएसीत बदलावा. हेही काम झटपट होते.

तिसरे, चित्राचाच कोडेक फोनला झेपत नाही. चित्र अडखळते, आवाज पुढे पळतो, फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फोनच्या चिपमध्ये ठरावीक कोडेक उलगडण्यासाठी स्वतंत्र भाग असतो. तो थोड्या विजेत काम करतो. फाइल त्याच्या ओळखीची नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. नाव ओळखीचे असले तरी भागत नाही. दहा बिट रंगखोलीचा एच.२६४ हा त्याच नावाचा असूनही बहुतेक फोनांच्या त्या भागाला उलगडता येत नाही. असे असेल तेव्हाच चित्राचे खरे रूपांतर करावे.

दुखणे कोणते ते कळायला मीडियाइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम पुरतो. फाइल त्यात टाकली की डबा, कोडेक, ठिपके, चौकटी, रंगखोली सगळे समोर येते. आणि व्हीएलसी फोनवर टाकून आधी तीच फाइल तिथे लावून पाहावी. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेला हा प्लेअर बहुतेक सगळे उलगडतो. कित्येकदा रूपांतराची गरजच उरत नाही.

कोणता कोडेक

फाइल कोणाकोणाकडे जाणार आहे यावर उत्तर ठरते. गावातल्या काकांचा जुना फोन, पुण्यातल्या भाचीचा नवा, दिवाणखान्यातला टीव्ही, सगळीकडे चालायला हवी असेल तर आजही एच.२६४, आठ बिट, एएसी आवाज आणि एमपी४चा डबा. याच्याइतके खात्रीचे दुसरे काही नाही.

एच.२६५ तेवढ्याच गुणवत्तेत जवळपास निम्मी जागा घेईल अशा उद्दिष्टाने बनवला गेला. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून तो उचलला. जागेची चणचण असेल आणि फोन अलीकडचे असतील तर तो उत्तम. एक अडचण ध्यानात ठेवावी: ॲपलच्या यंत्रांना एमपी४च्या आत या कोडेकची खूण 'एचव्हीसी१' अशी लागते, 'एचईव्ही१' असेल तर चांगली फाइलही ती उघडत नाहीत. ही खूण बदलायला चित्र पुन्हा दाबावे लागत नाही.

एव्ही१ हा वापरहक्काचे शुल्क नसावे या हेतूने गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन आदींनी मिळून घडवला. आयफोनमध्ये तो उलगडणारा स्वतंत्र भाग २०२३ च्या १५ प्रो पासून आला. पुढचा काळ त्याचा असू शकेल. पण चार घरी वाटायच्या कौटुंबिक फाइलीसाठी अजून थोडे थांबावे.

आकाराचे गणित

फाइलचा आकार म्हणजे दर सेकंदाचे बिट गुणिले सेकंद, भागिले आठ. सेकंदाला २० लाख बिट दिले तर दोन तासांचे चित्र १.८ जीबी होते. १२८ किलोबिटचा आवाज त्यात सुमारे ११५ एमबीची भर घालतो. ठिपके किती, यावर आकार थेट ठरत नाही, हे दुकानात सांगितले जात नाही. ठिपके वाढवून बिट तेवढेच ठेवले तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला कमी येते आणि चित्र उलट बिघडते. मामीच्या तबकडीचे हेच झाले. ७२० × ५७६ चे चित्र ओढून १९२० × १०८० केले. नव्याने तपशील आला नाही, भार मात्र पाचपट झाला. मूळ चित्रात आहे त्याहून जास्त ठिपके कधीही मागू नयेत. उलट दिशेने जाता येते: फोनच्या सहा इंची पडद्यासाठी १२८० × ७२० बहुतेकांना पुरते, आणि त्यात १९२० × १०८० पेक्षा सव्वादोन पटीने कमी ठिपके असतात.

ठरावीक बिटरेट देण्याऐवजी ठरावीक गुणवत्ता मागणे हा शहाणा मार्ग. एच.२६४ चित्र दाबणाऱ्या एक्स२६४ या प्रोग्रॅममध्ये यासाठी ० ते ५१ असा आकडा असतो. लहान आकडा म्हणजे चांगले चित्र. काही न सांगितले तर तो २३ धरतो. घरगुती चित्रीकरणाला मी २० ठेवतो. मग भाषणांच्या वेळी कोडेक काटकसर करतो आणि वाचवलेले बिट अक्षतांवर सढळ हाताने खर्च करतो. एकूण फाइल फार मोठी होत नाही, आणि तो क्षण वाचतो.

हॅण्डब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये हाच आकडा 'आरएफ' नावाने सरकवता येतो. चित्र नव्याने दाबायचेच असेल तर नवशिक्यासाठी याच्याइतके सोपे साधन नाही. मात्र तो चित्र नेहमीच नव्याने दाबतो, नुसता डबा बदलत नाही. वेग निवडताना घाई करू नये. सावकाश वेग निवडला तर कोडेक नीट शोध घेतो आणि तेवढ्याच जागेत चांगले चित्र बसवतो. रात्री लावून झोपावे, सकाळी फाइल तयार.

जुन्या चित्रीकरणाच्या खोडी

आपल्याकडचे जुने चित्रीकरण पाल पद्धतीचे. त्यात सेकंदाला २५ चौकटी, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांत टिपलेली: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते गुळगुळीत दिसे. फोनवर दोन्ही अर्धे एकदम दिसतात, आणि नाचणारा हात मधल्या काळात पुढे सरकलेला असल्यामुळे कडेला दाते फुटतात. यावर इलाज रूपांतराच्या वेळीच करायचा असतो: हॅण्डब्रेकमधले डिइंटरलेसचे गाळणे चालू करावे. तसे न करता चित्राचा आकार बदलला तर ते दाते कायमचे चित्रात मुरतात.

दुसरी खोड आकाराची. डीव्हीडीचे ठिपके चौरस नसतात. ७२० × ५७६ चे चित्र जुन्या चौकोनी टीव्हीसाठी असेल तर ते ७६८ × ५७६ असे दिसायला हवे. रुंद पडद्यासाठी असेल तर १०२४ × ५७६. फोनचा पडदा भरावा म्हणून चौकोनी चित्र रुंद ताणले की नवरीही आडवी होते. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. त्यात काही बिघडत नाही.

तिसरी खोड तुकड्यांची. डीव्हीडीवर चित्र व्हीओबी नावाच्या, जास्तीत जास्त एक जीबीच्या तुकड्यांत असते. तुकडे वेगवेगळे बदलून मागाहून जोडले तर सांध्यावर आवाज घसरतो. त्याऐवजी 'व्हिडिओ_टीएस' हे अख्खे फोल्डरच हॅण्डब्रेकला द्यावे.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक काळजी घ्यावी. अमेरिकेतली जुनी पद्धत सेकंदाला ३० च्या आसपास चौकटींची होती, म्हणून इथल्या डीव्हीडी तिथल्या कित्येक प्लेअरांवर चालत नसत. फाइलीला ते बंधन नाही. २५ चौकटींच्या ३० करायला गेले तर हालचाल अडखळते. मुळात जेवढ्या आहेत तेवढ्याच ठेवाव्यात.

व्हीएचएस कॅसेटीचे काम सर्वांत नाजूक. आपल्या दमट पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते, आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. चालू यंत्र दरवर्षी दुर्मीळ होत चालले आहे. ज्यांच्याकडे कॅसेटी आहेत त्यांनी हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.

देवनागरी उपशीर्षके

मराठी उपशीर्षकांची फाइल लावल्यावर पडद्यावर निरर्थक चिन्हे येतात, हा अनुभव पुष्कळांचा. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेला असतो, किंवा फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली नसते. मजकूर युनिकोडमध्ये आणून यूटीएफ-८ निवडून पुन्हा जतन केला की बहुतेक फोनांवर अक्षरे नीट येतात. आजी-आजोबांसाठी फाइल करायची असेल तर उपशीर्षके चित्रातच कोरून टाकावीत. चालू-बंद करण्याचा प्रश्न राहत नाही. पण मग ती काढताही येत नाहीत, म्हणून कोरलेली प्रत वेगळी ठेवावी.

पाठवताना

इतके करून फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ते ती पुन्हा दाबते आणि ठोकळे परत येतात. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंत ती जशीच्या तशी पोचते. मेमरी कार्ड जुन्या फॅट३२ रचनेचे असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात मावत नाही, कार्डात जागा कितीही असो. इंटरनेटवर फुकट रूपांतर करून देणाऱ्या जागांवर घरची चित्रे चढवू नयेत; आपल्या लेकीसुनांचे चेहरे कोणाच्या संगणकात जाऊन पडतात याचा पत्ता आपल्याला लागत नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. घरच्या समारंभाच्या तबकडीला सहसा कुलूप नसते. विकत घेतलेल्या चित्रपटाच्या तबकडीला असते, आणि हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५अ कलमाखाली गुन्हा आहे.

मूळ

मामीची तबकडी मी पुन्हा केली. आधी तबकडीची जशीच्या तशी डिस्क प्रतिमा काढली. मग फोल्डर हॅण्डब्रेकला दिले, डिइंटरलेस चालू, आकार ७६८ × ५७६, चौकटी २५, आरएफ २०, आवाज एएसी. सकाळी मामीच्या फोनवर फाइल टाकली आणि थेट अक्षतांवर नेली. दाणे वेगवेगळे दिसत होते. त्यांच्यामागे आंतरपाट दूर होत होता, आणि नवरी मान वर करत होती.

मामीने तो क्षण तीनदा पाहिला. मग तबकडी हातात घेऊन विचारले, "आता ही टाकून देऊ का?"

"नको मामी," मी म्हटले. फोनवरची प्रत पाहण्यासाठी आहे. चित्र दाबताना प्रत्येक वेळी काही गळते, आणि गळलेले पुन्हा येत नाही. उद्या नवा फोन येईल, नवा कोडेक येईल, तेव्हाची प्रत आजच्या प्रतीवरून काढली तर गळतीवर गळती होईल. ती या तबकडीवरूनच काढायला हवी. आणि घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा थरही कायमचा टिकत नाही, म्हणून डिस्क प्रतिमा दोन ठिकाणी ठेवली आहे: एक मामीकडच्या हार्ड डिस्कवर, एक तिच्या लेकीकडे.

मामीने तबकडी पुन्हा पाकिटात घातली, वर लग्नाची तारीख लिहिली, आणि कपाटात शालूच्या घडीत ठेवून दिली.